मामीच्या मापांची विंडो

मंडळी, आज लासूर स्टेशनला मामीकडं गेले होते. मामी ब्लाऊज शिवते. जुना कॉम्प्युटर थकला म्हणून तिनं लॅपटॉप घेतलाय. पण फोनवर एकच काळजी, "माझं मापाचं त्याच्यात चालंल का गं?"

मापाचं म्हणजे गिऱ्हाइकांची मापं ठेवायला मी इंजिनिअरिंगला असताना केलेला छोटासा प्रोग्राम, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या स्विंग नावाच्या साधनात. विंडो, रकाने, बटणं स्विंगमध्ये आयती मिळायची. कुठं काय ठेवायचं तेवढं आपण सांगायचं. तरी एक बटण सरळ रेषेत यावं म्हणून मी अख्खा रविवार घालवला होता!

आज लॅपटॉपवर जावा टाकलं, प्रोग्राम उघडला, तर काहीच होईना. मामीचा चेहरा उतरला. बघते तर जुन्या मापांची फाइल आणायचीच राहिली होती. ती जुन्या कॉम्प्युटरवरून आणली आणि करड्या रंगाची ती विंडो उघडली. नाव, उंची, छाती, बाही. दिसायला अगदीच बावळट.

मला लाज वाटली. म्हटलं, "मामी, तुला मोबाइलवर नवीन ॲप करून देते."

"नाय गं, हेच राहू दे." तिनं एका बाईचं माप टाकून बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, "झालं, मामी!"

"तुझं नवीन ॲप मला मामी म्हणंल व्हय?"

स्क्रीनवरचं ते वाक्य मीच लिहिलं होतं, हे पार विसरले होते. आता ऑफिसात अनोळखी लोकांसाठी स्क्रीन बनवते. एकाच माणसासाठी बनवलेली तेवढी एकच.

तुम्ही शिकताना कुणासाठी केलेलं काही अजून चालू आहे का?