निंबाच्या आळ्यातली आंघोळ
लाल साबणाचा वास आला की मला डिंडोलीतला एक निंब आठवतो. नव्वदच्या दशकात मी सुरतेत बगीचा खात्यात माळी होतो. तिथल्या एका गल्लीत आम्ही निंबाची रोपं लावली होती, पण पुढे रस्ता खणला गेला आणि ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस आमचा पाण्याचा टँकर आत शिरू शकला नाही. रोपं गेली असणार असं धरून मी एका सकाळी सायकलला नवी रोपं बांधून निघालो. बाकीची खरंच वाळली होती. एकच हिरवंगार होतं, आणि त्याच्या ओल्या आळ्यात दगड टाकून एक माणूस लुंगीवर आंघोळ करत होता. रातपाळी करून आलेला लूम कामगार. केसांत अजून सुताचे तंतू अडकलेले. मी भडकलो, साबणाने झाड मरेल म्हणालो. त्याची बायको हातातला तांब्या न थांबवता म्हणाली, "भाऊ, पानी एकच हंडा भेटस. त्यामाच मानूस धुवाना नि झाडबी जगाडाना." आपल्याच खानदेशची बोली ऐकून मी वरमलो. "मग साबण तेवढा कमी लावत जा," एवढंच बोललो. नवी रोपं लावली आणि प्रत्येक आळ्यात एकेक सपाट दगड ठेवून आलो. परवा त्या गल्लीत गेलो होतो. ते बिऱ्हाड आता तिथे नाही. निंब मात्र तिसऱ्या मजल्याला टेकलाय, आणि आंघोळीचा तो दगड बुंध्याने अर्धा पोटात घेतलाय.