मी कापलेली बारा मिनिटं

वांजिरूने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला, पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि सुई घेणार नाही म्हणून सांगितलं. नऊ वर्षांची केनियन पोरगी, रक्ताचा कॅन्सर. बाप शारजात एका गोडाऊनवर सिक्युरिटी गार्ड. आधी दोनदा तिने काहीच त्रास दिला नव्हता.

मी तेव्हा दुबईत मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज होते. वय छप्पन्न, म्हणजे तशी पोरसवदाच, आणि अक्कलही त्याच मानाने.

ती सुई म्हणजे लम्बर पंक्चर. पाठीच्या कण्यात सुई घालून थोडं पाणी तपासायला काढतात, तिथूनच औषध सोडतात. सलाइनमधलं औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून हा उपद्व्याप. फार लांबवून चालत नाही, आणि मूल हललं तर करता येत नाही.

डॉक्टर नादिया म्हणाल्या, "चौघी मिळून धरा. यल्ला, आटपा."

मी पाच मिनिटं मागून घेतली आणि वांजिरूला विचारलं, झालंय काय?

"सिनेमातली मुलगी सुईशिवाय बरी झाली," ती म्हणाली.

मी गारच पडले. तो सिनेमा मीच आदल्या आठवड्यात वॉर्डात दाखवला होता. आफ्रिकेतला, स्वाहिली. आजारी मुलगी पलंगाची होडी करते, तळ्यावर हिंडते, अख्खं गाव तिच्या खेळात सामील होतं. मध्ये हॉस्पिटलचा भाग होता: सुया, उलट्या, गळालेले केस. पोरं घाबरतील म्हणून मी लेकाकडून तेवढी बारा मिनिटं कापून घेतली. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन स्टाफला बिर्याणी खिलवली.

डॉक्टरांपुढे कबुली दिली. त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा ट्रेनी झाले. "उद्या आठ वाजता. मग मी थांबणार नाही."

संध्याकाळी लॅपटॉपवर वांजिरूला आणि तिच्या आईला कापलेला भाग दाखवला. त्यातली मुलगी किंचाळते, आई तिचं डोकं धरते, आणि त्या किंचाळण्यातच ती होडी वल्हवायला लागते. वांजिरूने दोनदा पाहिलं.

"तिला दुखलं?"

"खूप."

"मला तर मुंगी चावेल म्हणाला होतात, सिस्टर."

"खोटं बोलले."

"आणि हे का काढलं?"

"मला बघवत नव्हतं म्हणून."

सकाळी ती स्वतःच कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले. प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, एवढी अट घातली. मी सांगत गेले. ती ओरडली. हलली नाही.

सिनेमातली मुलगी बरी होते. वांजिरूचा आजार आठ महिन्यांनी उलटला आणि त्यात ती गेली. त्या एका दिवसाच्या उशिरामुळे नाही, असं डॉक्टर नादियांनी मला दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारलं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक मुलाला सांगत आले, दुखेल. मुलं आधीच रडायला लागायची, आया माझ्यावर चिडायच्या. पण सुईसाठी हात आपणहून पुढे यायचा.