यमाला न येणारं नाव

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा न्हवता, हे मी कुणाशीही भांडून सांगीन. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मान द्यायचा. पण हा माणूस निम्मी भाकरी ओसरीवर खायचा आणि निम्मी गोठ्यात. अणदूरच्या खंडोबाला लोक प्रदक्षिणा घालून घरी जायचे, तरी यांच्या चालूच. तरुणपणी ते सोलापुरात एका म्हाताऱ्या मडमेकडं खानसामा होते. ती त्यांना विलायतेतल्या जुन्यापुराण्या राण्यांच्या गोष्टी सांगायची. तिथून दाजींनी कमावून आणलं काय, तर बायकांची नावं. रोझमंड, एडिथ, मटिल्डा. बैलांना वैरण टाकताना एकेक नाव असं घोळवायचे, जणू तोंडात गुळाचा खडा हाय.

बहिणीच्या दोन पोरी पाळण्यातच गेल्या. तिसरी झाली तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, धोंडी नाव ठेवा, यम दगड समजून पुढं जाईल. दाजी ऐकंनात. "यम इथं पिढ्यान्‌पिढ्या येतोय. त्याला मराठी येती, कानडी येती, उर्दूबी येत असंल. मेरीबिरी ठावं असणारच, गोरी माणसं काय मरत न्हाईत व्हय? पण मटिल्डा लई जुनं. मडम म्हणायची, तिकडंबी आता कुणी ठेवत न्हाय."

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दाजींची थोरली बहीण वैतागली. "आरं येड्या, हे माझ्या तोंडात बसंना."

"अक्का, तुला येईना, मग यमाला कुठनं येईल?"

पोरगी जगली, चांगली दांडगी झाली. पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली, तशी पोरी उजवायची घाई उठली. हिचंही लगीन उरकलं. नवरदेवानं ताटातल्या तांदळात बोटानं बायकोचं नवं नाव काढलं, पार्वती. दाजी मांडवभर येरझाऱ्या घालू लागले. मी म्हणालो, "दाजी, बसा की."

"बसू कसा? सगळ्यांदेखत यमाला पत्ता सांगून मोकळे झाले."

मग दर बाजाराच्या दिवशी दाजी तिच्या सासरी चालत जायचे. दारातूनच जुन्या नावानं हाक मारायची, आतनं "व्हय, अप्पा" आलं की माघारी. विहीण म्हणायची, "पाणी तरी घ्या. आमी काय पोरगी खातोय व्हय?"

पोलिस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात दाजी तापानं पडले. पाय मात्र अंथरुणातही चालूच. लेक उशाशी बसून म्हणाली, "अप्पा, माझं नाव घ्या तुमी. तुमचं त्याला म्हाईत हाय."

दाजींचे पाय थांबले. म्हणाले, "नको बाई. तुलाच असू दे."

आता तिला नातवंडं झाली. सारं गाव पार्वताबाई म्हणतं. मी म्हणत न्हाय.