जोडाच्या बाहेर

गल्लीत त्याला सगळे पक्काभाऊ म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते शेंबडं पोरही सांगेल. गेट असो, खिडकीचे गज असोत, नाहीतर कोणाच्या खाटेचा मोडका पाय असो, वेल्डिंग झालं की हा बाबा तोंडावरची काच वर करणार, हातोडीने वरचा काळा पापुद्रा झाडणार आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, "पक्कं! तुटलं तर जोडाच्या बाहेर तुटेल." मग गिऱ्हाइकाला घाई असली तरी त्याला वाकून तो जोड बघावाच लागे.

समोर फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तो वयाने बराच लहान, स्वभावाने गरीब. दिवसभर तांब्याच्या नळ्या गॅसच्या ज्योतीवर ब्रेझिंगने जोडत बसायचा. पक्काभाऊ चहाचा कप घेऊन त्याच्या दारात उभा राहायचा आणि रोज तीच फिरकी घ्यायचा, "काय रे, आज किती डिंक लावलास?" ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळतच नाही, मधल्या फटीत दुसराच धातू जातो आणि दोघांना धरून ठेवतो, एवढं त्याला ऐकून ठाऊक होतं. जे स्वतः वितळलं नाही ते जुळलं कसं म्हणायचं? फ्रीजवाला हसून सोडून द्यायचा.

पक्काभाऊची थोरली बहीण शिवणकाम करायची आणि शिवलेले कपडे सायकलवरून घरोघर पोचवायची. सायकल जुनी, पातळ नळ्यांची. हँडलखाली सॉकेटच्या खोबणीत फ्रेमची नळी बसवलेली होती आणि ती तिथेच हलायला लागली. ताईने सायकल भावाकडे आणली. सॉकेटाच्या कडेला पिवळं पितळ दिसताच पक्काभाऊला चेव आला. "हा बघ डिंक! सुटणारच." मशीनचा करंट गेटच्या कामाला लावलेला होता, तो कमी करायचीही तसदी न घेता त्याने सॉकेटाभोवती बोटभर जाडीचं वेल्डिंग घातलं. "पक्कं," तो म्हणाला. ताईने कौतुकाने मान डोलावली.

महिना दीड महिना सायकल धावली आणि मग शाळेजवळच्या वळणावर मोडली. ताई तोंडावर पडता पडता हातावर पडली. उजवं मनगट मोडलं.

बातमी कळताच तो धावत गेला. ताईला दवाखान्यात नेलं होतं. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी होती. त्याने वाकून बघितलं. जोड जसाच्या तसा होता, टवकाही उडाला नव्हता. नळी तुटली होती ती जोडाला लागून, बरोबर बाहेर. त्याने घाईघाईने सायकलवर एक पोतं टाकलं आणि ती दुकानात नेऊन ठेवली.

संध्याकाळी ताईकडे शेजारीपाजारी जमले होते. हात गळ्यात बांधून ती सांगत होती, "त्या वळणावरचा खड्डा हो. माझंच लक्ष नव्हतं." आणि पक्काभाऊने काय करावं? त्याने तोच धागा पकडला. "रस्त्यांची पार वाट लावलीय! माणूस मेलं तरी यांना कळायचं नाही," असं म्हणत तो तावातावाने बोलत सुटला. एका शेजाऱ्याला तर तो वळणापर्यंत घेऊन गेला आणि खड्डा दाखवून आला. खड्डा होता खरा, पण मांजर बसेल एवढाच. बोलताना त्याचे कान तापले होते. परत आल्यावर ताईने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग नजर वळवली आणि आपल्या मुलीला म्हणाली, "मामाला चहा दे गं." कप तसाच खाली ठेवून तो उठला.

प्लॅस्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. कात्री जाड कापडावर अडायची. ताईने निरोप धाडला, "सायकल तेवढी नीट करून ठेव, माझं अडतंय." निरोपात एकही शब्द तिखट नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने मशीन चालू केलं, काच खाली ओढली, आणि तसाच उभा राहिला. शेवटी मशीन बंद केलं.

दुपारी गल्ली जेवायला गेली असताना तो पोत्यात गुंडाळलेली फ्रेम घेऊन रस्ता ओलांडून गेला. "एका गिऱ्हाइकाची आहे," तो फ्रीजवाल्याला म्हणाला. ती सायकल गल्लीतलं कुत्रंही ओळखायचं. फ्रीजवाल्याने फ्रेम बघितली, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा भाऊ. जोड तुमचा एक नंबर आहे. पण वेल्डिंगमध्ये दोन्हीकडचं लोखंड वितळवायला लागतं. गेटची पट्टी जाड, ती सोसते. ही नळी पत्र्यासारखी. जोडाशेजारी जळून कडक झाली, मग हादऱ्याने तडकली."

"मला शिकवशील?" हे दोन शब्द काढायला पक्काभाऊला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याने एखादी खिडकी जोडली असती.

"तांब्याच्या जोडात मी वितळवतो ती कांडी लोखंडाला चालत नाही," फ्रीजवाला उठत म्हणाला. "पितळेची घेऊ. आणि टाकणखार लावू, म्हणजे तापलेल्या लोखंडावर काळी खपली धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा."

वेल्डिंगमध्ये थोडाफार मळ जळूनच जातो, म्हणून पक्काभाऊने आपलं वरवर घासलं. सरावाच्या एका नळीत दुसरी बसवली, ज्योत घेतली आणि सवयीप्रमाणे ती सरळ कांडीवर धरली. पितळ टपटप गळायला लागलं. त्याने ते गोल फिरवत भरघोस चढवलं, खवल्यांवर खवले, अगदी नक्षीदार. निवल्यावर त्याचा हात आपोआप हातोडीकडे गेला आणि तो शब्दही ओठांपर्यंत आला. फ्रीजवाल्याने तुकडा टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात धरला आणि हॅक्सॉच्या करवतीने उभा चिरला. आत पितळाचा टिपूस नव्हता. दोन नळ्यांमध्ये नुसती काळी, कोरडी फट होती आणि सगळं पितळ बाहेर उंबऱ्यावर बसलेलं.

पक्काभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या ज्या कामाला डिंक म्हणत होता, तो डिंकसुद्धा त्याला लावता येत नव्हता.

"कांडी नाही, नळी तापवा," फ्रीजवाला म्हणाला. "दोन्ही भाग सारखे लाल झाले की कांडी नुसती टेकवायची. कंदिलाची वात तेल ओढते तशी फट पितळ ओढून घेते. जिकडे उष्णता तिकडे ते जातं. फट मात्र कागद जाईल एवढीच हवी."

मग रोज दुपारी तो जाऊ लागला. किती तुकडे वाया गेले त्याला गणती नाही. कधी टाकणखार जळून काळा पडे, कधी एक बाजू तापे आणि दुसरी थंड राही. पण सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. जोड चांगला झाला की बाहेर काही दिसतच नसे. कडेला केसाएवढी पिवळी रेघ, बस्स. त्याला राहवत नसे. जोड झाला तरी तो वरून पितळाचा एक जाड थर चढवून देई.

"हा कोणासाठी?" फ्रीजवाल्याने विचारलं.

एकदा त्यांनी चांगला जमलेला तुकडा व्हाइसमध्ये पकडून पाइपाने वाकवला. नळी वाकली, जोड हलला नाही. "म्हणजे वेल्डिंगपेक्षा हेच भारी?" पक्काभाऊने पडेल आवाजात विचारलं.

"छे हो. दोन पातळ पट्ट्या तोंडाला तोंड लावून ब्रेझ करा, जोड हाताने मोडेल. एकात एक घालायला जागा हवी, अंगाला अंग लागायला हवं. आणि उद्या मला गेट करायचं झालं तर मी कोणाकडे येणार? तुमच्याकडेच." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर पक्काभाऊने पचवल्या असत्या. हा आदर त्याला पचेना.

फ्रेमवरचं जुनं वेल्डिंग काढायला त्याला अख्खी सकाळ लागली, इतकं ते मजबूत होतं. ग्राइंडर फिरवताना तो स्वतःलाच शिव्या घालत होता. भंगारातल्या एका फ्रेमची नळी आणि सॉकेट घेतलं, आरशासारखं घासलं, एकात एक बसवलं. टाकणखार काचेसारखा पातळ झाला, लोखंड लालभडक झालं, आणि कांडी टेकवताच पितळ आत नाहीसं झालं. क्षणभराने सॉकेटाच्या पलीकडच्या कडेला पिवळी रेघ उमटली. त्याने कांडी बाजूला ठेवली. वरून काही चढवलं नाही.

रंग वाळल्यावर आधी तो स्वतः बसला. एवढा जाडजूड माणूस बायकांच्या सायकलवर, गुडघे हँडलला आपटताहेत, हे बघून गल्लीची करमणूक झाली. "भाऊ, घंटी वाजवा की!" कोणीतरी ओरडलं. त्याने ऐकून घेतलं आणि वळणावर जाऊन तीच सायकल त्याच खड्ड्यातून पुन्हा पुन्हा घातली. तुटायची असेल तर ती त्याच्याखाली तुटायला हवी होती.

ताई आली. तिने नव्या रंगावरून हात फिरवला. "झाली?"

"झाली."

ती थोडा वेळ थांबली. दरवेळी पुढे एक शब्द यायचा, तो आज आला नाही. "छान केलीस. येते हं," म्हणत तिने पेडलवर पाय ठेवला, दोनदा पेडल मारलं आणि कोपऱ्यावरून वळली. तिची कापडाची पिशवी मात्र स्टुलावरच राहिली होती. ती घेऊन तो मागे धावला.

कोपऱ्यापलीकडे ताई सायकल हातात धरून चालत होती. त्याची चाहूल लागताच तिने गडबडीने पुन्हा पेडलवर पाय ठेवला, जणू आत्ताच उतरली असावी. ते बघून त्याचा जीव गलबलला.

"ताई, खड्डा नव्हता गं. माझं वेल्डिंग होतं."

"माहीत आहे. तुटलेली नळी माझ्या डोळ्यांसमोरच होती की."

"मग सगळ्यांना..."

"तुझं दुकान आहे रे. लोक काय म्हणाले असते?" तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "पण तू लोकांना खड्डा दाखवत हिंडलास ना, ते मला लागलं."

शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना. लोक येत-जात होते, तरी त्याने डोळे पुसले नाहीत.

"मला बसायची भीती वाटते," ताई म्हणाली. "तूच चालव. मी मागे बसते. पडलो तर दोघं पडू."

तो बसला. ती मागे कॅरिअरवर टेकली आणि पडू नये म्हणून तिने उजव्या हाताने त्याचा सदरा धरला. त्याने पेडल मारलं. सायकलने कुठेही कुरकूर केली नाही. पण तिची पकड त्याला जाणवेचना, इतकी हलकी होती ती, आणि ती अजून मागे बसलेली आहे ना, हे बघायला त्याला थोड्या थोड्या वेळाने मान वळवावी लागत होती.