इळा, ईट, घर, येल, वढा

तिसरीच्या मुलांना शब्द अकारविल्हे लावायला शिकवणं बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही. मुळाक्षरं सगळ्यांना पाठ असतात, पण गाण्यासारखी. मध्येच अडवून 'म'च्या आधी काय येतं असं विचारलं, की पोरं पुन्हा 'क'पासून सुरू करतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी. किल्ली आधी की कुलूप, हे ठरवताना मोठी माणसंही बोटांवर मोजतात. 'क्ष' कुठं बसवायचा, 'क'च्या घरात की पार शेवटी, यावर तर शब्दकोशांचंही एकमत नाही.

मी पलूसजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझी पद्धत साधी आहे. जाड पुठ्ठ्याच्या पाट्या करायच्या, प्रत्येकीवर एक शब्द लिहायचा आणि ती पाटी गळ्यात अडकवून पोरांनाच व्हरांड्यात रांगेनं उभं करायचं. आपली जागा ज्यानं त्यानं शोधायची. मग जी ढकलाढकली होते तिची मजा मला आजही येते. "सरक तिकडं, तुझा न हाय, माझा ध हाय." "आगं पण तुज्या ध ला काना हाय, माज्याला न्हाई." असं भांडता भांडता त्यांना जे कळतं ते फळ्यावर लिहून कळत नाही.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिचं घराणं जतकडच्या मेंढपाळांचं. वडील कुपवाडला एका लहान कारखान्यात कामाला होते आणि तिथंच खोली करून राहायचे. आई एका बागायतदाराच्या वस्तीवर राहून त्याचा ऊस सांभाळायची, चार शेरडं राखायची. मुलगी बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. रांगेच्या खेळात ती स्वतःची जागा तर पटकन घ्यायचीच, वर दुसऱ्यांना दंडाला धरून नेऊन उभं करायची. मी तिला रांगेची मुकादम म्हणायचे.

पावसाळा संपता संपता, मुलांना काय येतं याची सरकारी पडताळणी आली. तालुक्याहून एक साहेब आले, हातात टॅब. मुलांना एक कागद दिला. त्यावर पाच चित्रं होती: गवत कापायचं हत्यार, भाजलेली वीट, घर, मांडवावर चढलेली वेल आणि पाण्याचा ओढा. चित्राखाली शब्द लिहायचा आणि मग पाचही शब्द क्रमानं लावायचे. मी निर्धास्त होते. हे तर आम्ही रोज खेळत होतो.

साहेब कागद तपासत होते. त्या मुलीचा कागद आल्यावर ते थांबले आणि हसले. तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, नाटकात गावंढळ माणसाचं सोंग करतात तशा आवाजात वाचू लागले. "इळा. ईट. घर. येल. वढा." प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबत होते. वर्ग हसला. जी पोरं हसली त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरात इळाच आहे, विळा कुणाच्याच घरात नाही. पण साहेब हसले म्हणून पोरं हसली.

"पाचापैकी एक तरी शब्द जागेवर आहे का?" साहेबांनी तिला विचारलं.

मी पुढं होऊन कागद हातात घेतला. छापील उत्तर होतं: ओढा, घर, विळा, वीट, वेल. त्याच्याशी ताडून पाहिलं तर खरंच एकही शब्द जागेवर नव्हता. पण तिनं लिहिलेलं मी पुन्हा वाचलं आणि माझं डोकं तापलं.

"साहेब, तिचा क्रम बघा," मी म्हणाले. "इ, ई, घ, य, व. ऱ्हस्व इ आधी, दीर्घ ई नंतर. एक अक्षर मागंपुढं नाही. तुम्ही तपासताय तो क्रमच ना? तो पूर्ण बरोबर आहे."

"पण शब्द मराठीत नाहीत ना, बाई."

"मग कुठल्या भाषेत आहेत?"

मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "उत्तरसूची माझी नाही, वरून आलीय. जे जुळत नाही ते चूक." त्यांनी टॅबवर शून्य भरलं. त्या मुलीचा स्तर ठरला: अक्षरओळख. जी पोरगी अख्ख्या वर्गाला रांगेत लावत होती, तिला अक्षरं नुसती ओळखता येतात, असं सरकारदरबारी नोंदलं गेलं.

जाताना ते गाडीपाशी फोनवर बोलत होते. बहुतेक घरचा फोन असावा. "न्हाई गं, येळ हुईल," ते म्हणाले. मी व्हरांड्यात उभी होते. मला इतका संताप आला की हातातली पाट्यांची चळत मी जमिनीवर आपटली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जाऊ द्या. तुमच्या-माझ्या पगारात काय फरक पडतोय?"

फरक दुसऱ्या दिवशी दिसला. रांगेचा खेळ सुरू केला तर तिनं पाटीच घेतली नाही. मी गळ्यात अडकवली तर कुठला शब्द आहे हे न बघता ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. वाचायला सांगितलं तर ओठ हलायचे, आवाज बाहेर यायचा नाही. चित्र दाखवलं तर आधी माझ्याकडं बघायची आणि मग मान खाली घालायची. आंबा, घर, फळा, एवढेच शब्द लिहायची. ज्या शब्दाची खात्री नाही तिथं कागद कोरा.

एके दिवशी तिची आई शाळेत आली. शेरडं बाहेर चिंचेला बांधून, पदर सावरत दारातच उभी राहिली. मी आत बोलावलं तरी आत येईना.

"बाई, येक इचारू का?" ती म्हणाली. "पोरगी मला घरात बोलू दीना. मी म्हणलं, इळा दे गं, तर म्हणती, आई, तू चुकीचं बोलतीस, गप बस, सायब हसत्यात. सुट्टीला तिचा बाप आला, त्याला बी तसंच म्हणली."

मी उठून दारात तिच्याजवळ गेले.

"तिचं बरूबरच आसंल," ती पुढं म्हणाली. "आमी अडाणी. कसं बोलायचं त्ये तुमीच सांगा मला. पोरीसाटनं शिकीन मी."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती स्वतःची जीभ दुरुस्त करून घ्यायला आली होती. मी तिला म्हणाले, "तुम्ही काही चुकीचं बोलत नाही. मी साताऱ्याची. माझ्या आईच्या घरातसुद्धा इळाच आहे." तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. शिकलेली बाई समजूत काढतीय, एवढंच तिला वाटलं असणार.

त्या आठवड्यात मी नव्या पाट्या केल्या. एका बाजूला घरातला शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. आधी सगळ्यांनी घरातल्या शब्दानं रांग लावायची. मग मी टाळी वाजवली की पाटी उलटायची आणि नवी जागा शोधायची. इळा रांगेच्या तोंडाशी असायचा. टाळी वाजली की त्याचा विळा व्हायचा आणि त्याला पार व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपर्यंत पळावं लागायचं. वढा उलटा तिकडून धावत पुढं यायचा. दोघं मध्ये एकमेकांवर आदळायचे. पहिल्याच दिवशी एकाचा गुडघा फुटला, पण कुणाला घरी जायचं नव्हतं. पोरांनी स्वतःहून शब्द आणले. इहीर आणि विहीर. इंचू आणि विंचू. वठ आणि ओठ. घरातला शब्द कोणता आणि पुस्तकातला कोणता हे त्यांना सांगावं लागलंच नाही. दोन्ही त्यांना येत होते. दोन्हींना जागा आहे, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

ती मुलगी बरेच दिवस खांबाला टेकून नुसती बघत राहिली. मी आग्रह केला नाही. मग एकदा इंचूची पाटी घातलेला पोरगा इहिरीच्या पुढं उभा राहिला, आणि तिला राहवलं नाही. "आरं इ वर टिंब हाय तुज्या, पर हिच्या इ ला न्हाई," ती खांबापासूनच म्हणाली, आणि मग तिथं काय करायचं यावर सगळ्यांचं भांडण लागलं. मी पाठ फिरवून पाट्या लावत बसले. डोळे पुसायचे होते, आणि ते पोरांना दाखवायचे नव्हते.

म्हणून राग गेला, असं झालं नाही. तिचा निकाल बदलावा म्हणून मी अर्ज केला. माहिती भरायची मुदत संपली, असं उत्तर आलं. पुढं साताऱ्याला प्रशिक्षण होतं. तिथल्या मोठ्या पडद्यावर सुंदर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं की मुलांच्या बोलीचा आदर करा. मी उभी राहिले. म्हणाले, "आदर करायचा तर गुण का नाही देत?"

"तो वेगळा विषय आहे, बाई," व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले.

"वेगळा कसा? माझ्या वर्गातल्या मुलीला तुमचे साहेब सगळ्यांसमोर हसले तेव्हा हा आदर कुठं होता?"

माझा आवाज चढला होता. सभागृहात कुणी वळून बघितलं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. महिन्याभरात मला खुलासा द्यायला सांगितलं गेलं. मी तो दिला. त्यात माफी कुठं मागितली नाही.

प्रशिक्षण संपल्यावर मी माहेरी गेले. माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आवाज चढवलास?"

"चढवला."

"बरं केलंस." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "भरती झालो तवा माजं बोलणं ऐकून पोरं लय हसायची. मी सहा-सात म्हैने बोललोच न्हाई. हातानं खुणा करून काम भागवायचो. अफसराला वाटलं मी मुका हाय."

हे त्यांनी मला उभ्या आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. आईनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मी रागानं बोलायला गेले, पण रागावायचं कुणावर हेच कळेना, इतकी माणसं डोळ्यांसमोर यायला लागली.

पुढच्या पडताळणीला एक मॅडम आल्या. त्या मुलीनं पाचही शब्द पुस्तकातले लिहिले आणि क्रम बरोबर लावला. तिचा स्तर एकदम वर गेला. शिक्षकांच्या ग्रुपवर आमच्या शाळेचं अभिनंदन झालं. प्रगती झाली म्हणे. तिला आधीपासून येत होतं तेच तिनं लिहिलं होतं.

आता ती चौथीत आहे. बोलते, भांडते, शेरडांना तिच्या बोलीत शिव्या घालते. आई सांगते की घरात आता काही रोकटोक नसते. पण परवा वर्गात तिला एक चित्र दाखवलं. विहिरीचं होतं. तिनं पेन्सिल टेकवली, उचलली आणि माझ्याकडं बघितलं, घरातला लिहू की पुस्तकातला असं विचारल्यासारखं. वर्गात दुसरं कुणी पाहुणं नव्हतं, तरीसुद्धा. मी म्हणाले, "तुला पाहिजे तो." तिनं पेन्सिल पुन्हा टेकवली, आणि पुन्हा उचलली.