आईने बाजूला काढलेले बांगडे

२७ मे. प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर रिकामा करायचा होता. रबरी हातमोजे, एक बादली, पुसायला जुना टॉवेल. आत लहान नळ्यांमध्ये नर बांगड्यांच्या वीर्यग्रंथी होत्या, कित्येक हंगामांच्या. मासे सगळे आईने दिलेले.

आई मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी विकायची. मी पुण्याला संशोधन करून परत इथल्याच कॉलेजात आले. माझा विषय सांगायला सोपा आहे. पेशीत डीएनएचा लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या सगळ्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. नराचं बीज तयार होताना ही रिळं निघून जातात आणि त्यांच्या जागी फार लहान अशी दुसरी प्रथिनं येतात. बांगड्यात ही अदलाबदल नेमकी कोणत्या टप्प्यावर होते, ते मी शोधत होते. शेवटचा टप्पा उरला होता.

आईला हे एकदा कोलंबी सोलता सोलता सांगितलं.

"म्हणजे घर तेच, भाडोत्री बदलले," ती म्हणाली. "आणि जुने कुठं जातात?"

"त्यांचे तुकडे होतात, आये."

"होणारच. त्याशिवाय जागा कोण सोडतो?"

हंगामात ती बांगड्याच्या पोटावर अंगठा दाबून बघायची आणि नर वाटला तो माझ्यासाठी आपल्या बर्फाच्या पेटीत टाकायची. निम्म्या वेळा चुकायची. मी पोट फाडलं की आत गाबोळी, म्हणजे मादीची अंडी. "ही बाई निघाली! तुझ्या सायन्सला नको तर तळून खा." गिऱ्हाइकाने त्या माशांना हात लावला की ऐटीत सांगायची, "ते नाय मिळणार. ते कॉलेजात जातात."

मासा मेला की त्याच्या पेशीतलेच रस प्रथिनं कुरतडायला लागतात. त्यांना थांबवते ती फक्त थंडी. माझं निम्मं आयुष्य बर्फ सांभाळण्यात गेलं आहे.

त्याच मे महिन्यात वळवाचं वादळ झालं, त्या पहाटे आई गेली. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. भाऊ मुंबईहून निघाला, पण वाटेत झाडं पडलेली, संगमेश्वरच्या अलीकडेच गाडी अडकली. शहरात वीज नव्हती. मावशी, आईची धाकटी बहीण, तीही जेटीवरच बसते. तिने बर्फाच्या कारखान्यातून होत्या तेवढ्या लाद्या आणवल्या आणि आम्ही दोघींनी त्या आईच्या दोन्ही बाजूंना लावल्या.

दुपारी कॉलेजच्या शिपायाचा फोन आला. "मॅडम, फ्रीझर ओरडतोय. जनरेटरचं डिझेल संपलं."

"बर्फ भरा आत."

"कारखान्यात जाऊन आलो. एक लादी नाही. सगळ्या तुमच्याच घरी गेल्या म्हणतात." मग तोच ओशाळला. "राहू दे, मॅडम. बघतो मी काय ते."

मावशीने ऐकलं होतं. "अगो, तुझ्या त्या माशांना बर्फ हवा तर ने यातला. ती नाय म्हणायची नाय."

"साध्या बर्फाने त्यांचं भागत नाही."

"मग आता त्याला भर म्हणून कशाला सांगितलंस?"

चार लाद्या कॉलेजात गेल्या असत्या तर वीज येईपर्यंत निदान काही नळ्या वाचल्या असत्या. मी वितळलेलं पाणी टिपलं आणि लाद्या आणखी जवळ सरकवल्या. भाऊ दिवेलागणीला पोचला.

सुतक फिटल्यावर कॉलेजात गेले. वीज कधीच परत आली होती, सगळं पुन्हा दगडासारखं गोठलेलं. नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून थोड्या नळ्यांमधली प्रथिनं जेलवर चालवली; त्या पातळ थरात ती आकाराप्रमाणे वेगळी होतात. धड प्रथिनांच्या आखीव पट्ट्या दिसतात. माझ्या जेलवर वरपासून खालपर्यंत नुसता डाग होता, ओल्या बोटाने शाई पुसावी तसा. सगळ्या रांगांत तसाच. जूनपासून मासेमारी बंद. म्हणजे हे वर्ष गेलं. आणि समुद्र उघडल्यावर जेटीवर बाजूला काढून ठेवणारं कोणी नाही. विषय इथेच सोडावा, असं त्या दिवशी फ्रीझर पुसताना मी जवळजवळ ठरवलंच होतं.

नळ्यांनी भरलेली बादली घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या माडाच्या आळ्यात खड्डा केला. मासळीची घाण आई तिथेच पुरायची. नळ्या रिकाम्या केल्या, माती ओढली, मांजरांनी उकरू नये म्हणून वर जांभ्या दगडाचा चिरा ठेवला. मग आईची बर्फाची पेटी सोड्याने धुतली आणि मावशीकडे नेऊन दिली.

तिने पेटी बघितली, मग माझ्याकडे. "नर की मादी, मला नाय कळत हां."

"आयेलाही कळत नव्हतं," मी म्हटलं.