बहादरपुरात वाचलेला शिडीचा अध्याय

बुऱ्हाणपूरला निघाले तेव्हा पिशवीत सगळ्यात जड होतं ते पुण्याच्या प्रकाशकांनी परत केलेलं माझं हस्तलिखित. प्रबोधनकाळातल्या इटलीत पंडितांनी जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या संवादांचे अर्थ कसे लावले, कुठे आपल्या सोयीने वाकवले, यात माझी कित्येक वर्षं गेली आहेत. प्रकाशकांना ग्रीक गोष्ट हवी होती, पंडितांचं भांडण नको. "ते प्रकरण काढा. नाकापेक्षा मोती जड झालाय. मराठीत कोण वाचणार हे?" प्रकरण काढलं नाही तर पुस्तक निघणार नव्हतं आणि दुसरा प्रकाशक काही दारात उभा नव्हता. तेवढ्यात बुऱ्हाणपूरच्या मराठी मंडळाचं व्याख्यानासाठी बोलावणं आलं. म्हटलं, चला, महाराष्ट्राबाहेर जाऊनच बघू मराठीत कोण ऐकतं ते.

रावेर गेलं तशी खिडकीबाहेर केळीच केळी. बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबाग भागात. मंडळाचे अध्यक्ष न्यायला आले होते. त्यांनी आधी मावा जिलेबी (खव्याची, जाड आणि काळपट) खाऊ घातली आणि मग मुद्द्यावर आले.

"मॅडम, आपली मंडळी शेतीवाली, थोडी पेपर मिलवाली. ते ग्रीक जरा भारी होऊन जाईल. 'तणावमुक्त जीवन' घेऊन टाका. आधा घंटा, बस."

जिलेबी फार चांगली होती, म्हणून आधी ती संपवली. मग म्हटलं, "तणाव तुम्ही घ्या, मी ग्रीकच घेते."

व्याख्यान बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात, शिवदासभाऊ महाजनांच्या अंगणात होतं. भाऊंची केळीची शेती, आणि श्रावणात गावात पोथी वाचतात तेही तेच. अंगणात पाऊल टाकलं आणि माझा पारा चढला. पुढे पाठवलेल्या पिशवीतलं माझं हस्तलिखित पाटावर मांडलेलं, त्याला हळदकुंकू, पुढे नारळ.

"अहो, ही पोथी नाही!"

"ताई, वाचायला बसलं म्हंजे आमच्याकडं असंच असते," भाऊ शांतपणे म्हणाले. "मी वाचतो, तुम्ही अर्थ सांगा."

इटलीतला एक पंडित ग्रीक गुरूच्या प्रतिमेपुढे दिवा लावायचा, असं सांगतात. त्याला मी पुस्तकात मनसोक्त हसले आहे. इथे पाटाशेजारी मांडी घालून बसले.

भाऊंनी पोथीच्या चालीवर शिडीचा अध्याय लावला. माणसाचा जीव आधी एका देखण्या देहावर जडतो, तिथून देखण्या मनांवर, आणि असा पायरीपायरीने चढत तो निखळ सौंदर्यापर्यंत पोचतो, असं ग्रीकांचं म्हणणं. मी अर्थ सांगत होते, मंडळी माना डोलावत होती. पण माना काय, तणावमुक्त जीवनालाही डोलल्या असत्या.

भाऊंच्या थोरल्या बहीण कमलबाई मळ्यातून थेट आल्या होत्या, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढून. हाताला चीक तसाच. त्यांनी विचारलं, "वर चढलं म्हंजे खालची पायरी फेकून द्यायची का? ज्याच्यावर आधी जीव जडला, त्या माणसाचं काय?"

मी सावरून बसले. इटलीत पंडित भांडले ते नेमके यावरूनच, आणि तेच प्रकरण मला काढायला सांगितलं होतं! मी पानं उलटू लागले, तर अध्यक्ष शाल घेऊन उठले. "बहुत बढिया! आता आभार मानून..."

कमलबाईंनी पानावर बोट दाबून धरलं. "अध्याय अर्धा सोडत नसतात. बसा, अध्यक्षसाहेब. जेवणं मंगच."

अध्यक्ष शाल मांडीवर घेऊन बसले. मला तेव्हा इतका आनंद झाला की लपवता येईना.

भाऊंनी भांडणाचं प्रकरण पूर्ण वाचलं. एक पंडित म्हणतो, पायरी मागे सोडलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, वर पोचलेलं प्रेम पुन्हा खाली उतरतं. मी पहिल्याच्या बाजूची.

"तो पहिला, त्यानं सोडले होते का आपले लोक?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही. जन्मभर मित्रांना जीव लावला."

"मंग लिहिलं एक अन् केलं दुसरं. झूट झालं ना ते!"

"करणं जमलं नाही म्हणून लिहिणं खोटं ठरत नाही."

"ठरते!"

त्या हटेनात, मी हटेना. अर्धं अंगण त्यांच्या बाजूने, थोडं माझ्या. मिलमधून निवृत्त झालेले एक काका हिंदीत दोघींनाही चूक म्हणत होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत पार गार झालं, पण उठलं कोणी नाही.

परतीच्या गाडीत ते पान काढून बघितलं. कमलबाईंच्या बोटाचा ठसा तपकिरी झाला होता.

पुण्यात प्रकाशकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे डागाळलेलं पान बदला. आणि ते प्रकरण..."

"केळीचा चीक आहे, जात नाही. प्रकरणही जाणार नाही."

"मग पुस्तक निघणं कठीण आहे."

मी बाड उचललं. मराठीत कोण वाचणार, या प्रश्नावर मी फार दिवस झुरले होते. आता झुरणार नाही. येत्या श्रावणात उरलेले अध्याय घेऊन मी बहादरपुरात बसणार आहे. कमलबाई आपलं म्हणणं सोडणार नाहीत, मी माझं. छापायचं की नाही ते यांनी सावकाश ठरवावं. वाचन सुरू झालं आहे, आणि अध्याय अर्धा सोडत नसतात.